करड्या डब्यातला आवाज

हॅल्स्टन विद्यापीठ, ओहायो
२ ऑक्टोबर १९६१

प्रिय बाबा,

"आधी शब्द विचारतील, मग नावं विचारतील," असं म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत. आठवडा झाला, अजून शब्दच विचारताहेत.

तुम्ही बसपाशी आला नाहीत. पण दोर्जाकाकांनी पत्रात लिहिलंय की गाडी सुटेपर्यंत तुम्ही देवळाच्या आवारात झाडू मारत होतात आणि आवारात एक पानही पडलेलं नव्हतं. बरं वाटलं ऐकून.

न्यू जर्सीला शर्टांच्या कारखान्यात मी बोलले की मुकादम डोळे वटारायची. इथे गप्प बसले तर सगळे अस्वस्थ होतात. बोलणं हेच माझं काम. समोर हवाईदलाची पोरं बसतात, गुलाबी कानांची, नुकती दाढी फुटलेली. मी एक वाक्य म्हणायचं, त्यांनी माझ्या मागून म्हणायचं. आपला घशातला आवाज काढताना ती इतकी खोकतात की पहिल्या दिवशी मी पाण्याचा जग आणून ठेवला. लुट्झ नावाच्या एकालाच तो नीट जमतो. त्याचे आईवडील डुकरं पाळतात, त्यांना हाका मारून घसा तयार झालाय म्हणे.

पण वाक्यं कुठली, माहीत आहे? "पुलावरून किती गाड्या गेल्या?" "धावपट्टी कोणत्या दिशेला आहे?" वॉशिंग्टनहून छापून येतात. आई, दूध, पाऊस हे शब्द पुस्तकात पार शेवटी आहेत. धावपट्टीला आपल्या कल्मिक भाषेत काय म्हणतात असं मला विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे विमानच नव्हतं, धावपट्टी कुठून येणार?" मग सगळ्यांनी मिळून 'घोडा दौडवायची जागा' असा शब्द ठरवला. उद्या तिकडे रशियात, आपल्या गवताळ स्टेपमधला कोणी म्हातारा यांच्या तावडीत सापडला, तर त्याला वाटेल ही पोरं शर्यतीला आली आहेत.

प्रोफेसर प्रेंटिस भला माणूस आहे. तरुणपणी मंगोलियात उंटावरून फिरलाय. आपली जुनी लिपी त्याला येते आणि मला येत नाही, याची मला लाज वाटली. पण त्याने लगेच सौदा केला. मी त्याला बोलायला शिकवायचं, त्याने मला वाचायला. वर्षानुवर्षं तो आपल्या भाषेचा शब्दकोश करतोय. मी विचारलं, "आमची भाषा एवढ्या लोकांना का हवी आहे?" तो सरळ म्हणाला, "मी चार वर्षं या शब्दकोशासाठी पैसे मागत होतो. लोक हसायचे. मग रशियाने आकाशात तो गोळा सोडला आणि वॉशिंग्टनला एकाएकी सगळ्याच भाषा आवडायला लागल्या. मी कारण विचारलं नाही, बुल्गुन. पैसे घेतले."

तुम्ही असता तर कारण विचारलं असतंत. मला मात्र अजून नवलच वाटतंय.

तुमची,
बुल्गुन


१९ नोव्हेंबर १९६१

प्रिय बाबा,

चहाची वीट मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती, तरी वास तुमच्या कपाटाचा होता. इथल्या लोण्यात मीठ कमी असतं, त्यामुळे आपला लोणी-मिठाचा चहा, जोम्बा, हवा तसा होत नाही. प्रेंटिसबाईंनी एक घोट घेतला आणि "फार पौष्टिक आहे," म्हणून कप हळूच खाली ठेवला.

मला आणखी एक काम मिळालंय. कसलं, ते विचारू नका. मी कागदावर सही केली आहे. आता तुमचा चेहरा कसा झाला असेल, मला दिसतंय. पण त्यात कोणाचं वाईट होण्यासारखं काही नाही. वर्गामागे एक खोली आहे, तिला वेगळं कुलूप आहे. किल्ली मिस्टर हॅगर्टींकडे असते. ते पूर्वी शाळेत लॅटिन शिकवायचे, आता हे सांभाळतात. डबा उघडून खातात तेसुद्धा दाराकडे तोंड करून. मी विचारलं, "तुम्हाला कोणाची भीती वाटते?" ते म्हणाले, "मॅडम, मला पगार भीती वाटण्याचाच मिळतो."

आता शब्दकोशासाठी काही प्रश्न. आई मेलेलं कोकरू घरात, माणसांत वाढवतात, त्याला तुमच्या वस्तीत वेगळा शब्द होता का? आपल्या घरी मेंढ्या नव्हत्या, बेलग्रेडला कुठल्या असणार, म्हणून मला ठाऊक नाही. आईलाही कधी विचारलं नव्हतं.

आणखी एक. केर्मेनआत्या. रशियातून पळताना नोवोरोसिस्कच्या धक्क्यावर तुम्ही जहाजात चढलात आणि गर्दीत तिचा हात सुटला, एवढंच तुम्ही मला एकदा सांगितलंत, तेही आई गेली त्या दिवशी. ती तेव्हा किती वर्षांची होती? उजव्या हाताची होती की डावखुरी? गायची का? आपलं सहज विचारतेय. प्रोफेसरांना कोणत्या घरात कोणती गाणी होती, ते टिपून ठेवायचं आहे.

मला खरंच सहज विचारायचं आहे, बाबा.

बुल्गुन


१४ जानेवारी १९६२

प्रिय बाबा,

उत्तर आलं! तुम्ही त्याला उत्तर म्हणणार नाही. दुसऱ्या चहाच्या पार्सलवर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने एकच शब्द. मी कागद फेकायलाच निघाले होते.

तो शब्द मी या पत्रात लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

प्रोफेसर तर खोलीभर नाचले. म्हणाले, हा शब्द एकाही पुस्तकात नाही, दोन-तीन वस्त्यांपलीकडे कोणी तो वापरतही नसेल. मी मान डोलावली. पण मला नाचता आलं नाही. कारण तोच शब्द मला त्याआधी आणखी एका ठिकाणी भेटला होता. कुठे, ते सांगता येत नाही. तिथे भेटला तेव्हा मी तो शब्दकोशाच्या कार्डावर उतरवून घेतला आणि हॅगर्टींनी कार्ड काढून घेतलं.

"हा शब्द देता येणार नाही," ते म्हणाले.

"कोकराचं नाव आहे, मिस्टर हॅगर्टी."

"असेल. पण तो कुठून आला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठून आला."

"म्हणूनच देता येणार नाही."

आता मी त्यांच्यासमोर पार्सलचा कागद ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, तिकिटावरचा शिक्का बघितला.

"हा कुठून आला?"

"न्यू जर्सीहून. माझ्या बाबांकडून. टपालाने."

"मग घ्या की," ते म्हणाले. "हा मोकळा आहे."

शब्द तोच, बाबा. अक्षराचाही फरक नाही. एक कुलपात, एक मोकळा. मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. कुलपातला शब्द मी ऐकलाय, तो आता माझ्या डोक्यात आहे. मी मनात म्हटला तर तो कुठला, हे कोणाला कळणार? मलाच कळत नाही, म्हणून तो इथेही लिहीत नाही. मी प्रेंटिसना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आम्ही पूर्वी शब्द कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, ते लिहायचो. आता कोणत्या कपाटातला, तेही लिहावं लागणार."

त्यांच्या शब्दकोशात किती कार्डं अशी रिकामी आहेत ते मी पाहिलं. ती कार्डं त्यांनी फेकलेली नाहीत. शब्दाची जागा कोरी सोडून तशीच ओळीत लावली आहेत.

आत्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

बुल्गुन


६ मार्च १९६२

प्रिय बाबा,

त्सगान सारच्या शुभेच्छा. सण होऊन गेला, पण मी इथे कणकेचे बोर्त्सोग तळले आणि पोरांना वाटले. लुट्झने कल्मिकमध्ये आशीर्वाद मागितला, तो इतका शुद्ध की मला रडूच आलं. त्याला वाटलं व्याकरण चुकलं.

तुमचं पत्र मिळालं. दोन ओळींचं, रागाचं. पण पत्र ते पत्र. "ती बारा वर्षांची होती. गायची. तू हे का विचारतेस? तुला कोण विचारायला लावतंय?"

कोणी लावत नाही. मीच विचारते. का, ते मला सांगता येत नाही, आणि हे न सांगणं मला आवडत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं गप्प राहिलात, तिकडे रशियात आपल्या माणसांचं नाव कागदावर आलं की त्यांना गाडीत कोंबून सायबेरियात नेतात म्हणून. मी गप्प आहे, कारण एका सभ्य माणसाने पेन पुढे केलं आणि मी सही केली. घरात दोघांचीही शांतता सारखीच ऐकू येते.

प्रोफेसरांनी एक अर्ज केला होता. एक विशिष्ट मजकूर आम्हाला अभ्यासाला मोकळा करून द्या, एवढाच. उत्तर नकाराचं आलं. हॅगर्टींनी मला ते नीट समजावून सांगितलं. शिक्षक ना शेवटी.

"मजकुरात काहीच नाही, मान्य," ते म्हणाले. "निरुपद्रवी आहे."

"मग?"

"तो आपल्याकडे आहे, हे रशियाला कळणं उपद्रवी आहे. आपण कुठपर्यंत ऐकू शकतो, ते त्यावरून कळतं. गुपित आहेत ते आपले कान."

मला राग यायला हवा होता. पण मी विचार करत बसले की हे किती विचित्र आहे. कोणी काही साधंसुधं बोलतं, ते हजारो मैलांवर ऐकलं जातं, आणि ऐकलं गेल्यामुळेच ते इतर कोणी ऐकायचं नाही.

बाबा, तुम्ही इथे या. प्रोफेसर तुम्हाला रीतसर निमंत्रण पाठवताहेत. तुम्ही जे बोलाल ते मोकळं. तुमच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात जाईल, तुमच्या वस्तीच्या नावासकट. हॅगर्टींना विचारून घेतलंय. ते म्हणाले, "तुमचे वडील अमेरिकेत राहतात, अमेरिकेत बोलतात. त्यांना कोण अडवणार?"

मला तुमच्याकडून एक गाणं ऐकायचं आहे. लाल घोड्याचं, तुम्ही दाढी करताना गुणगुणायचात ते. पूर्ण.

बुल्गुन


२ मे १९६२

प्रिय बाबा,

येताय! दोर्जाकाकांच्या पत्राने कळलं, म्हणाले, "सांजी म्हणतो, पोरीला काय झालंय ते बघून येतो."

कोलंबसला गाडी बदला. तिथल्या कँटीनमधली कॉफी पिऊ नका. लष्करातले जुने बिल्ले आणि पदकं आणू नका. इथे कोणालाही त्यांत रस नाही, हॅगर्टींना मात्र नको इतका रस वाटेल. चाकूही आणू नका. मी बसपाशी असेन.

बुल्गुन


१७ जून १९६२

प्रिय बाबा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. शनिवारी मी घरी येतेय, कायमची. हे तुमच्या हातात देईन आणि चहा करायला आत जाईन. समोरासमोर बसलो की आपल्याला बोलता येत नाही, हे या भेटीत पुन्हा कळलंच. मी चहा घेऊन येईपर्यंत तुम्ही वाचून घ्या.

आवाज टिपायच्या यंत्रासमोर तुम्ही बसलात तो दिवस मी पुनःपुन्हा आठवते. कडक कॉलर, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे. प्रेंटिसनी चाकं फिरवून दाखवली तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे माझ्या बोलण्याचं नंतर काय करणार?"

"जपून ठेवणार," ते म्हणाले.

"कोणासाठी?"

त्यांनी चाकं पुन्हा एकदा फिरवून बघितली.

मग तुम्ही गायलात. आवाज खरखरीत झालाय, पण सूर पक्का. पहिलं कडवं: घोडा नदीकाठी उभा आहे, खोगीर रिकामं. दुसरं: गवत गुडघ्याएवढं वाढलं, कोणी हाक मारत नाही. आणि तिसऱ्याच्या पहिल्या ओळीत, "बर्फ वितळलं की..." वर तुम्ही थांबलात. डोळे मिटलेत. हात हवेत फिरवलात. "पुढचं मला कधीच येत नाही," म्हणालात.

यंत्र चालू होतं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी पुढचं गायले. बर्फ वितळलं की घोडा स्वतःच पाणी प्यायला उतरतो आणि पाण्यात त्याला आपल्या धन्याची सावली दिसते.

ते कडवं तुम्ही मला शिकवलेलं नाही. तुम्हालाच येत नाही, तर शिकवणार कसं? आईला ते गाणं माहीत नव्हतं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत, आणि मग प्रेंटिसना इंग्रजीत म्हणालात, "चहा मिळेल का?"

मग मी तुम्हाला बसपाशी सोडायला आले. पायरीवर पाय ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलंत, "आवाज कसा आहे तिचा?" आणि ड्रायव्हरने दार लावलं.

आता सांगते.

नोव्हेंबरमध्ये मला कुलपाच्या खोलीत नेलं. तिथे करडे डबे येतात, त्यांत टेपा असतात. आपल्या मुलखातले रेडिओवरचे कार्यक्रम; कोणी कुठून ऐकले, डब्यावर लिहिलेलं नसतं. मी ऐकायचं आणि उतरवून काढायचं. बहुतेक सगळं लोकरीचं आणि सभांचं. एका डब्यात मेंढपाळ बायकांच्या मुलाखती होत्या. निवेदकाने नाव घेतलं: केर्मेन बद्माएव्ना. नाव आत्याचं, पुढचंही आपलंच; पण अशा शंभर असतील, म्हणून मी विशेष लक्ष दिलं नाही. मग तिने ते कोकराचं नाव घेतलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. मग ती गायली.

बाबा, तिचा आवाज जाड आहे, तंबाखू ओढणाऱ्या बाईसारखा. बोलताना मध्येच हसते आणि हसताना खोकते. निवेदक तिला सारखा उत्पादनावर आणत होता आणि ती सारखी कोकरांवर जात होती. तो म्हणाला, "यंदा किती मेंढ्या, बद्माएव्ना?" ती म्हणाली, "पुष्कळ आहेत बाबा, तू मोजायला ये, तुला चांगले पाय आहेत." सायबेरियाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. "आम्ही लांब होतो, आता परत आलोय," एवढंच.

गाणं संपल्यावर त्याने विचारलं, कोणी शिकवलं? ती म्हणाली, "माझा दादा होता. तिसऱ्या कडव्यात बर्फापाशी आला की गाडी अडलीच त्याची. मग मी मागून म्हणायचे. म्हणून मला सगळं येतं, बघ."

हे मी हिवाळाभर पोटात ठेवलं. खात्री नव्हती. बर्फापाशी अडणारे भाऊ आणखीही असतील, असं मी स्वतःला समजावत होते. तुमचं नाव, वय, वस्ती, शब्द, सगळं लावून बघत होते. खोटी आशा घेऊन तुमच्या दारात यायचं नव्हतं. मग तुम्ही माझ्यासमोर बर्फापाशी थांबलात.

तुम्ही गेल्यावर हॅगर्टींनी टेप ऐकली. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. टोपी मांडीवर होती.

"तिसरं कडवं कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आत्याकडून."

"तुमची आत्या कुठे असते?"

"ते तुमच्या लोकांना माहीत, मिस्टर हॅगर्टी. मला डब्यावर गाव दिसत नाही."

त्यांनी मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"तो डबा तुमच्यापासून काढून घेतला असता," ते म्हणाले. खोटं बोलायला त्यांना येत नाही, एवढं खरं. जाताना दारात थांबले. "माझाही एक भाऊ कोरियात हरवला. त्याची टेप नाही." आणि गेले.

चार दिवसांत वॉशिंग्टनहून निकाल आला. मला त्या खोलीत प्रवेश नाही. माझा पगार त्याच पैशांतून येतो, म्हणून वर्गातही नाही. प्रेंटिस विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या दालनात जाऊन ओरडून आले. त्यांचा आवाज मैदानापर्यंत ऐकू आला. काही झालं नाही. लुट्झने निरोपाला कल्मिकमध्ये भाषण केलं, त्यात तीन वेळा 'घोडा दौडवायची जागा' होती. मला वाटतं, त्याला 'प्रवास' म्हणायचं होतं.

तुमचे बाकीचे शब्द मोकळेच राहिले. प्रेंटिसनी छापायला दिलेत, तुमच्या वस्तीच्या नावाखाली. त्या रिकाम्या कार्डांतली बरीचशी तुम्ही भरलीत, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

केर्मेनआत्याच्या फार्मचं नाव निवेदकाने सुरुवातीला घेतलं होतं. ते मला पाठ आहे. इथे लिहीत नाही. चहा ओतताना तुमच्या कानात सांगेन. तिला पत्र लिहायचं, की तिच्या भल्यासाठी लिहायचं नाही, हे तुम्ही ठरवा. या बाबतीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि एक राहिलं. तुमच्या गाण्याची टेप. तिच्यात तिसरं कडवं माझ्या तोंडून आहे आणि ते आलं कुलपातून, म्हणून अख्खी टेपच गुपित ठरली. तुम्ही अमेरिकेत राहता, अमेरिकेत गायलात, तरीही. प्रेंटिस भांडले, पण तीही हातची गेली. हॅगर्टींनी मला म्हटलं, डब्यावरची चिठ्ठी तुम्हीच लिहा, नावं तुम्हाला नीट लिहिता येतात. मी करड्या डब्यावर 'सांजी बद्माएव्ह' असं लिहिलं. तारीख घातली. प्रवेश नसतानाही मला आत नेऊन त्यांनी कपाट उघडलं. डबे नावांच्या क्रमाने नसतात, आत काय आहे त्यावरून लावलेले असतात, गाणं एकच असलं तर शेजारी. म्हणून तुमचा डबा आत्याच्या डब्याला लागून बसला. मध्ये बोटही शिरणार नाही इतका. मग त्यांनी कपाट लावलं, किल्ली फिरवली, आणि आम्ही दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

तुमची,
बुल्गुन